अस्तरातली किल्ली

१

टण्ण!

दुपारची सामसूम होती. आवाज एवढासाच, पण खोलीभर घुमला. सुईनं दचकून आधी पलंगाकडं पाहिलं. गुंडीनं कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा डोळे मिटले. सुईचा जीव भांड्यात पडला. या पोरीची झोप म्हणजे तिच्या कामाची वेळ. ती मोडली की सगळंच बोंबललं.

मग तिनं वाकून पाहिलं. फरशीवर किल्ली पडली होती.

संस्थेत सगळे तिला सुई म्हणत. एक तर ती काटकुळी, आणि दुसरं म्हणजे थंडीसाठी दारोदार फिरून गोळा केलेले कपडे उसवून, शिवून, गुंड्या लावून पुन्हा अंगावर घालण्याजोगे करायचं काम तिचं. तिच्या पाच वर्षांच्या लेकीचं गुंडी हे नाव त्यातूनच पडलेलं. गुंडीचा बाप दूरच्या गावी कामाला. घरात या दोघीच, सुई आणि गुंडी.

मांडीवर राखाडी लोकरीचा कोट होता. कालच्या फेरीत आलेला. अस्तराची शिवण वेडीवाकडी दिसली म्हणून तिनं ती उसवायला घेतली, तर आतून ही किल्ली.

खिशातून पडली असती तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण खिशात काही राहणं शक्यच नव्हतं. संस्थेचा नियमच होता: कपडा घेतला की दारातच, देणाऱ्यासमोर, सगळे खिसे उलटे करून दाखवायचे आणि मगच पोत्यात टाकायचा. ही किल्ली खिशात नव्हतीच. कोणीतरी अस्तर उसवून ती आत सरकवली होती आणि वरून शिवून टाकलं होतं. टाके नवे होते. हात थरथरणारा, पण शिवणाची सवय असलेला.

"चुकून कोणी अस्तरात किल्ली शिवत नाही," ती पुटपुटली.

"कुणाची किल्ली?" गुंडी उठून बसली होती. झालं. संपली झोप.

"माहीत नाही गं."

"मग आता त्यांचं दार कसं लागणार?"

सुई उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. संस्थेचे सेक्रेटरी होते, आणि घाबरले की ते नेहमी कुजबुजत.

"सुई, आहे तशी निघून ये. कालच्या गल्लीतल्या एक आजी सकाळपासून बेपत्ता आहेत. फार विसरतात म्हणे. लेक इथं येऊन बसलीय. म्हणते, तुमची माणसं काल घरात शिरली, आईचा कोट उचलला आणि तिला नादी लावलं. राखाडी कोट. आलाय का तुझ्याकडं?"

सुईनं मांडीकडं पाहिलं. "येते," एवढंच ती म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या मावशी गावाला गेलेल्या. मग सुईनं नेहमीचं सगळं केलं. शेगडीची बटणं उपसून पर्समध्ये टाकली. काचेचा पेला फळीवर, प्लॅस्टिकचा खाली. ताटलीत बिस्किटं, वर झाकण.

"दार वाजलं तर?"

"ओ द्यायची नाही," गुंडीनं पाठ म्हणून दाखवलं.

"खिडकी?"

"उघडायची नाही. आई, लवकर ये."

"ही गेले आणि ही आले."

बाहेरून कुलूप लावून तिनं रोजच्यासारखा दारावर क्षणभर तळवा टेकवला आणि पळत सुटली. कोट पिशवीत होता, किल्ली मुठीत.

२

संस्थेच्या खोलीत चौघे जण बसले होते आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

आजींची लेक रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होती. गल्लीत तिला तिकीटवालीच म्हणत. डोळे सुजलेले, केसांत दोन दिवस फणी फिरलेली नाही. तिच्यासमोर कालची जोडी: ताठ बसलेल्या मास्तरीणबाई, फेरीच्या मुख्य, आणि त्यांचे जोडीदार कंपाउंडर काका, मफलरला पीळ घालत.

"कोट आत खुंटीवर होता," तिकीटवाली म्हणाली. "आत शिरल्याशिवाय तो बाहेर गेलाच कसा? मी रात्रपाळी करून झोपले होते. संध्याकाळी उठले तर आईचं एकच पालुपद, मला उद्या फेरीला जायचंय. हे खूळ कुणी भरवलं तिच्या डोक्यात? दुपारच्या सुट्टीत घरी येते तर आई नाही! पोलीस शोधतायत. पण अंगात नुसता पातळ झगा आहे हो तिच्या."

रात्री डबक्यांवर बर्फाची साय धरेल असे ते दिवस. उन्हं उतरली की म्हातारं माणूस बाहेर किती टिकणार, ते सगळ्यांनाच कळत होतं.

"त्या घराचं दार उघडलंच नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दार उघडलं नाही की आम्ही पुढं. आजवर मी कुणाचा उंबरा ओलांडलेला नाही. फेरीत असताना सख्ख्या बहिणीचासुद्धा नाही. ती अजून बोलत नाही माझ्याशी."

"तुम्ही काय म्हणता काका?" सुईनं विचारलं.

"बाई म्हणतात तेच," काका मफलरला म्हणाले.

सेक्रेटरी सुईला दाराबाहेर घेऊन गेले. "हे बघ, एक तक्रार लेखी गेली की नगरपालिका परवाना काढून घेते. आणि तू कपड्यावरून घर हुडकू नकोस. देणाऱ्याचा माग काढायचा नाही, हा आपला मोठा नियम. फाटकं देणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून केलाय."

"अहो साहेब, लाज राहील आणि म्हातारी गारठून जाईल."

सेक्रेटरींनी खिडकीबाहेरच्या उतरत्या उन्हाकडं पाहिलं. "मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

सुई त्यांच्यामागून गेली आणि तिनं कोट टेबलावर ठेवला.

तिकीटवाली किंचाळलीच. कंपाउंडर काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण सुई बघत होती ते मास्तरीणबाईंकडं. कोट बघून त्यांना धक्का बसला नव्हता. त्यांनी नुसता हात पुढं करून त्याच्या कॉलरवरून फिरवला, ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

म्हणजे बाई काहीतरी लपवत होत्या, काकाही लपवत होते. आणि तिकीटवाली? कोट गेल्याचं ती सांगत होती, आई गेल्याचं सांगत होती. किल्लीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

"ताई," सुई म्हणाली, "मला तुमचं घर दाखवाल?"

३

गल्लीच्या तोंडाशीच शेजारी भेटले. त्यांचं चष्म्याचं दुकान.

"मी चष्मे विकतो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही," ते म्हणाले. "काल तो मफलरवाला एकटाच यांच्या खिडकीशी उभा होता. एकटा! बाई तिकडं लांब कोपऱ्यावर."

"दार उघडं होतं?"

"छे. खिडकी. आणि या आजींचं काय सांगू? मागं एकदा खिडकीखाली त्यांच्या घराची किल्ली सापडली मला. इमानानं नेऊन दिली. तर आजींनी असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मी त्यांच्या पोटावर पाय दिलाय. भलाईचे दिवसच नाहीत."

सुईनं हे मनात खोचून ठेवलं.

तिकीटवालीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. दाराला आतून खूप वर एक कडी. तिकीटवालीचा हात पोचेल, ठेंगण्या म्हाताऱ्या बाईचा पोचणार नाही. खाली लाकडातच बसवलेलं कुलूप, त्याचं भोक तेवढं दिसत होतं. खिडकी कमरेच्या उंचीवर, बाहेरून गज. टेबलावर ताटली, वर झाकण. शेजारी प्लॅस्टिकचा पेला. कोपऱ्यात शिवणाचा डबा.

मग सुईची नजर शेगडीवर गेली.

शेगडीला बटणं नव्हती.

हे घर तिनं कधीच पाहिलेलं नव्हतं, आणि तरी तिला यातलं सगळं ठाऊक होतं. झाकण का, प्लॅस्टिक का, बटणं कुठं.

"ताई, बटणं पर्समध्ये ठेवता ना?"

तिकीटवालीनं चमकून पाहिलं. "कसली बटणं?"

सुईनं आपली पर्स उघडली. टेबलावर आधी आपल्या शेगडीची बटणं ठेवली, आणि त्यांच्या शेजारी ती किल्ली.

तिकीटवाली बटणांकडं बघत राहिली, मग किल्लीकडं, आणि मटकन खाली बसली.

"तुम्हाला कोण आहे घरी?"

"पाच वर्षांची मुलगी."

"ती मोठी होईल," तिकीटवाली म्हणाली. "माझी लहान होत चाललीय." आणि मग बांध फुटावा तशी ती बोलायला लागली. "एकदा रुळांवर सापडली. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि घरभर गॅस. बाई ठेवायची तर माझा अख्खा पगार तिचाच. मी नसले की किल्लीनं कुलूप लावते. घरी असले की वरची कडी पुरते. दुपारी पळत येऊन भरवून जाते. काल संध्याकाळी बघते तर किल्ली खुंटीवर नाही. सगळं घर पालथं घातलं. सकाळची पाळी चुकली की नोकरी गेली. काय करणार होते? दार नुसतं ओढून घेतलं. म्हटलं, संध्याकाळी नवं कुलूप आणू."

"हे सगळं तिथं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की मी आईला कोंडते?" तिनं तोंडात पदर कोंबावा तशी मूठ कोंबली. "तुम्ही सांगता का कुणाला?"

सुईनं बटणं आणि किल्ली उचलून पुन्हा पर्समध्ये टाकली. बाहेर उन्हाचा पट्टा भिंतीवरून वर सरकत होता. किल्ली घरातून गेली कशी ते आता जवळजवळ कळलं होतं. पण म्हातारी कुठं गेली हे कळायला आणखी एका माणसानं तोंड उघडायला हवं होतं.

४

दोघी संस्थेच्या खोलीत परतल्या, आणि कंपाउंडर काकांनी पहिल्याच प्रश्नाला मान खाली घातली.

"बाईंचा गुडघा धरला होता. त्या कोपऱ्यावर बसल्या. मी एकटाच पुढं गेलो. खिडकीतून आजी म्हणाल्या, लेक झोपलीय, कडीला हात पोचत नाही, इथूनच घ्या. मी म्हटलं, खिडकीतून घ्यायचं नाही, नियम आहे. तर म्हणतात कशा, नियम मला नका शिकवू, खिसे बघा आधी! आणि स्वतःच उलटे करून दाखवले. इतक्या सराईतपणे, की मी बघतच राहिलो. खिसे रिकामे होते, आईशप्पथ."

"खिसे रिकामेच होते काका. तुमची काही चूक नाही." सुई मास्तरीणबाईंकडं वळली. "बाई, आपण खिसे उलटे करून बघतो हे गल्लीतल्या कुणाला माहीत असतं? दारात आपण करून दाखवतो, तेव्हा कुठं लोकांना कळतं. आधीपासून कुणाला माहीत असणार?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"ज्यानं फेरी केलीय त्याला," त्या म्हणाल्या. "तो नियम तिचाच आहे. सगळेच तिचे. या लेकीच्या जन्माआधीची गोष्ट. आम्ही तिला थोरली म्हणायचो. मला दारात उभं राहायला तिनं शिकवलं. हा कोट अंगात असायचा तिच्या." त्या थांबल्या. "काल कोपऱ्यावरून मला ती गजांमागं दिसली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं नाही. माझे पायच उचलेनात. गुडघ्याला काही झालं नव्हतं."

सेक्रेटरी काहीतरी बोलायला गेले, पण सुईनं हात वर केला. तिच्या डोक्यात एकेक टाका बसत होता.

"त्यांना पळून जायचं नव्हतं," ती म्हणाली. "पळायचं असतं तर किल्ली जपून ठेवली असती, लेक गेली की दार उघडलं असतं. त्यांना किल्लीच नको होती. एकदा खिडकीतून टाकून बघितली, तर शेजाऱ्यांनी परत आणून दिली. म्हणून त्यांनी अशी जागा शोधली जिथून काही परत येत नाही. फेरीत दिलेलं परत मिळत नाही. कुणी दिलं याचा माग काढत नाहीत. खिसे तेवढे बघतात, म्हणून अस्तर. सकाळी जेवल्या की नाही ते त्यांना आठवत नसेल, पण नियम आठवतात. सगळे."

"आपल्याच कोटात..." तिकीटवाली पुटपुटली. "तिचा जीव होता त्या कोटावर."

"आणि आज दार उघडं मिळालं. त्या सांगून गेल्यात, फेरीला जायचंय म्हणून. त्यांची गल्ली काल झाली. एक गल्ली झाली की दुसऱ्या दिवशी पुढची."

"पुढची म्हणजे गिरणीमागची," सेक्रेटरी म्हणाले. "तिथं पोलीस घरोघर विचारून आले. कुणीही पाहिलेलं नाही."

सगळं येऊन तिथंच अडलं. खोलीत अंधारायला लागलं होतं. कुणीतरी दिवा लावला, आणि त्या उजेडात मास्तरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"आत्ताची पुढची गिरणीमागची! तिच्या वेळी नव्हती. तिच्या वेळी यानंतर पायऱ्यांची गल्ली असायची. आमचे पाय दुखायला लागले म्हणून आम्ही ती सोडून दिली."

५

पायऱ्या संपतच नव्हत्या. अर्ध्या वाटेत काका बसले. बाई थांबल्या नाहीत. आई परतली तर, म्हणून तिकीटवाली घरीच थांबली होती.

सगळ्यात वरच्या घरासमोर थोरली उभी होती. पातळ झगा, ओठ निळे, हातात गच्च भरलेली उशीची खोळ. खोळीतून स्वेटर, शाली, जाड मोजे बाहेर डोकावत होते. तिच्या अंगावर त्यातलं एकही नव्हतं.

दारातली बाई रडकुंडीला आली होती. "अहो, दुपारपासून इथंच आहेत. फेरीच्या बाई म्हणून आम्ही कपडे दिले. मग बघते तर थरथरतायत. आत या म्हटलं, येईनात. शाल घाला म्हटलं, तर म्हणाल्या दिलेलं आपण वापरायचं नसतं. पाणीसुद्धा घेईनात."

थोरलीनं मास्तरीणबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उशीर केलास," ती म्हणाली. "आणि एकटी? जोडीदार कुठाय तुझा?"

"तुम्हीच की," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग माझा बिल्ला?"

बाईंनी आपल्या छातीवरचा बिल्ला काढून तिच्या झग्याला लावला. सुईनं राखाडी कोट तिच्या खांद्यांवर टाकला. तो मात्र थोरलीनं घेतला, आणि घेता घेता तिची बोटं अस्तराच्या खालच्या शिवणीवर गेली. चाचपलं. काहीच लागलं नाही. तिनं सुईकडं पाहिलं, आणि सुईनं नजर खाली केली.

घरापर्यंत ती निमूट आली. स्वतःच्या दारात मात्र थबकली.

"आई, आत ये," तिकीटवाली म्हणाली.

"आत यायचं नसतं," थोरली समजावणीच्या सुरात म्हणाली. मग तिनं खोळ उघडून लेकीसमोर धरली. "काही द्यायचंय का बाई? जुनं चालेल. ऊबदार हवं."

तिकीटवालीनं अंगातला स्वेटर काढला, त्याचे खिसे उलटे करून दाखवले आणि खोळीत टाकला.

"भलं होवो," थोरली म्हणाली आणि पुढच्या दाराकडं वळली.

शेवटी सुई आणि तिकीटवालीनं तिला दोन्हीकडून धरून अलगद उचललं आणि आत नेलं. ती ओरडली नाही. नुसती मान वळवून उंबऱ्याकडं बघत राहिली.

तक्रार मागं घेतली गेली. सेक्रेटरी सगळ्यांचे आभार मानत सुटले. तिकीटवालीनं सुईला बाजूला घेतलं. मागायला शब्द सापडेनात, म्हणून तिनं नुसता तळहात पुढं केला.

दिलेलं परत नाही, असं सुईला म्हणता आलं असतं. नियम होता. पण मग उद्या सकाळी काय, हे कुठल्याच नियमात नव्हतं. तिनं पर्समध्ये हात घातला. आधी बोटाला शेगडीचं बटण लागलं. मग किल्ली.

तिनं ती तिकीटवालीच्या हातावर ठेवली.

घरी आली तेव्हा खिडकीच्या काचेला आतून एक छोटं नाक चिकटलेलं होतं. कुलूप काढताना तिचा हात चुकला, दोनदा चुकला. गुंडी येऊन बिलगली. बिस्किटं तशीच होती.

"त्या किल्लीची आजी सापडली?"

"सापडली राणी."

"कुठं गेली होती?"

"अशीच. बाहेर."

"किल्ली का लपवली तिनं?"

सुईनं तिला मांडीवर घेतलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "तिची मुलगी कामावर जाताना कुलूप लावून जायची ना. ते तिला आवडत नव्हतं."

"का लावायची?"

"आई हरवू नये म्हणून. तिची आईवर खूप माया आहे."

गुंडीनं विचार केला. आईच्या पर्समधून शेगडीची बटणं काढून तिनं मांडीवर ओळीनं मांडली.

"तू म्हणालीस, मी मोठी झाले की कुलूप लावणार नाहीस."

"हो."

"पण आई, आजी तर केवढी मोठी आहे," गुंडी म्हणाली. "मग मी कधी मोठी होणार?"